दहा लाखांत एक

"मुलगी अगदी लाखात एक आहे हो!" असे सोयरीक जुळविणारा मध्यस्थ म्हणतो, तेव्हा त्याने खरोखरीच लाख मुली मोजून पाहिल्या असे कोणी मानीत नाही. आपल्या भाषेतले पुष्कळसे आकडे हे असेच शोभेचे असतात. लग्नात विघ्ने येतात ती सतराशेच. सोळाशे आली असे कधी ऐकिवात नाही. जो हिशेब विचारील तो अरसिक. मी वीस वर्षे मराठी शिकवीत आलो आहे, तेव्हा असल्या आकड्यांशी माझे उत्तम जमते. पण गेल्या आषाढात एक आकडा माझ्या घरी चालत आला, आणि तो मात्र शोभेचा नव्हता.

हा आकडा एका रोगाचा आहे. चकली-करंजीच्या ताटाशेजारी रोगाचे काय काढलेत, असे कोणी म्हणेल. पण या सदराच्या जुन्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. नवा शब्द भेटला की त्याची जन्मपत्रिका पाहिल्यावाचून मला चैन पडत नाही, आणि या रोगाचे नावच मुळी रंगीत आहे: पॉर्फिरिया. ग्रीक भाषेत 'पॉर्फिरा' म्हणजे जांभळा रंग. भूमध्य समुद्रातल्या गोगलगाईंपासून तो काढीत आणि राजेरजवाडे तो मिरवीत. त्या समुद्राकाठच्या मंडळींशी आमच्या भोकरदनची ओळख जुनी आहे बरे! हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावे सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. आणि केळना नदीकाठी १९७३ च्या सुमारास उत्खनन झाले, तेव्हा सापडलेली हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पाँपेईच्या राखेत मिळालेल्या मूर्तीच्या वळणाची निघाली. असो. गावाच्या अभिमानापायी मी विषय सोडून चाललो.

आमच्या महाविद्यालयात गेल्या वर्षी एक मुलगा कला शाखेत दाखल झाला. चैत्राच्या उन्हात, जेव्हा बाकीची पोरे सदऱ्याची वरची दोन बटणे उघडी टाकून बसतात, तेव्हा हा मनगटापर्यंत बाह्या, हातांत मोजे, आणि तोंडाला डोळ्यांखालपर्यंत दस्ती गुंडाळून येई. खिडकीपासून दूर, भिंतीकडेच्या बाकावर एकटा बसे. एकटा बसे म्हणण्यापेक्षा त्याच्या बाकावर दुसरे कोणी बसत नसे. हातांच्या पाठींवर जुन्या फोडांचे वण, एकदोन बोटांची टोके झडल्यासारखी. मुलांनी मनाशी जे ठरवायचे ते ठरविले होते. दात तांबूस-तपकिरी, ते पाहून आमच्या एका सहकाऱ्याने त्याला तंबाखूवरून भर वर्गात झाडला. पोरगा काही बोलला नाही. निबंध मात्र फार चांगला लिही. अक्षर वेडेवाकडे, पण वाक्य सरळ.

आषाढात त्याचे वडील माझ्याकडे आले. कोरडवाहू शेती, थोडी मिरची. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात माल घालून परतताना येत होते, त्यामुळे अंगाला मिरचीचा वास होता. हातात संभाजीनगरच्या मोठ्या इस्पितळाचे कागद. लेकरू पाळण्यात असतानाच लंगोट तांबडे व्हायचे, ते सांगत होते. म्हातारीने 'उन्हाळी लागली' म्हणून धन्याचे पाणी पाजले. पुढे फोड यायला लागले तेव्हा देवऋषी झाला, मग एका डॉक्टरने महारोगाच्या गोळ्या दीड वर्ष चारल्या. शेवटी गावात आलेल्या आरोग्यसेविकेने टाचणी टोचून पाहिली तर पोरगा कळवळला. महारोगाच्या चट्ट्याला संवेदना नसते. याला तर पुरेपूर होती. तिने हट्ट धरून शहराची चिठ्ठी दिली. तिथे अंधाऱ्या खोलीत एका जांभळ्या दिव्याखाली त्याला उभे केले. "लेकराचे दात इंगळावानी लाल पेटले, सर," ते म्हणाले.

मग त्यांनी खरा प्रश्न काढला. "डॉक्टर म्हणले, हा आजार दहा लाखांत एकाला होतो. म्हंजे आमच्या घरातला तो एक होऊन गेला. आता पुढं भ्याव नाही ना?" थोडे थांबून म्हणाले, "लेकीची सोयरीक माझ्या बहिणीच्या पोराशी ठरलीय. सिल्लोडला. पोरगी पाळण्यात होती तवाच शब्द दिलाय बहिणीला."

मी मराठीचा मास्तर. पण 'दहा लाखांत एक' या तीन शब्दांचा अर्थ विचारायला माणूस माझ्याकडे आला होता, आणि अर्थ सांगणे हा तर माझा धंदा. पुढचे सर्व त्या अर्थाच्या शोधातून निघाले आहे.

आधी रोग समजून घ्यावा लागला. आपले रक्त लाल असते ते हीम नावाच्या द्रव्यामुळे. शरीर हे हीम आठ टप्प्यांनी तयार करते. प्रत्येक टप्प्यावर एकेक विकर, म्हणजे एकेक कारागीर बसलेला. पहिल्याने घडवावे, दुसऱ्याने पुढे ढकलावे, असे आठव्यापर्यंत. मधला एखादा कारागीर जन्मतःच अधू असला, तर त्याच्यापुढे अर्धवट मालाचा ढीग साचतो. हा अर्धवट माल म्हणजे पॉर्फिरिन, रंगाने जांभळट-तांबडा. तो लघवीतून जातो, दातांत-हाडांत मुरतो आणि कातडीतही बसतो. त्याचा मोठा दुर्गुण असा की, तो प्रकाश पितो. आणि तोही नेमका जांभळ्या-निळ्या टोकाचा. प्रकाश प्यायला की चेततो आणि आजूबाजूची कातडी जाळतो. हा प्रकाश काचेतून आरपार येतो, म्हणून बंद खिडकीआडचे ऊनही या मुलाला बाहेरच्या उन्हासारखेच. उन्हाची मलमे मिळतात त्यांतली बहुतेक याला निरुपयोगी. जाड कापड, सावली आणि रात्र, एवढेच त्याचे खरे औषध. मुलाने दस्ती बांधली होती ती लाजेने नव्हे, अनुभवाने.

आठांपैकी कोणता कारागीर अधू, त्यावरून रोगाचा प्रकार ठरतो. आमच्या मुलाचा चौथा. या प्रकाराचे वर्णन हान्स ग्युंथर या जर्मन वैद्याने १९११ साली केले. त्याच रोगाचा माथियास पेट्री नावाचा एक रुग्ण पुढे म्युनिकला हान्स फिशर या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राहिला. पॉर्फिरिनचा अभ्यास करायचा तर पॉर्फिरिन हवे, आणि ते पेट्रीच्या शरीरातून रोज मिळे. १९२५ साली पेट्री वारला. १९३० साली फिशरला नोबेल पारितोषिक मिळाले, ते रक्तातला हा रंग आणि पानांतला हिरवा रंग यांची घडण उलगडल्याबद्दल. पारितोषिकाच्या यादीत मदतनिसाचे नाव येत नाही. जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात या चौथ्या प्रकाराचे रुग्ण आजवर काही शेच नोंदले गेले आहेत, त्यांतला तो एक. दहा लाखांत एक किंवा त्याहूनही विरळ, असे जे म्हणतात ते या प्रकाराबद्दल.

बाकीचे बहुतेक प्रकार इतके विरळ नाहीत. पाचवा कारागीर मंदावला तर मोठेपणी हातांच्या पाठींवर फोड येतात, किरकोळ खरचटल्यानेही कातडी सोलते. या प्रकाराचा पुष्कळदा वंशाशी संबंध नसतो. दारू, यकृताचा क विषाणू, शरीरात साठलेले लोह ही कारणे असतात, आणि थोडे थोडे रक्त काढून टाकले की माणूस बरा होतो. पाश्चात्त्य देशांत हा दहा हजारांत एक ते पंचवीस हजारांत एक असा धरतात. आठवा कारागीर अधू असला तर फोड फारसे येत नाहीत. उन्हात गेलेले मूल नुसते आग आग म्हणून रडते, आणि कातडीवर तर काही दिसत नाही! आईबापांना वाटते, शाळा चुकवायला सोंग करते आहे. हा पाऊण लाखात एक ते दोन लाखांत एक, असे पुस्तकांतून लिहीत असत. पण २०२१ साली इंग्लंडमध्ये लाखो लोकांच्या रक्ताच्या साठ्यातून थेट जनुके तपासली, तेव्हा उत्तर आले सतरा हजारांत एकाच्या आसपास. रोग वाढला नव्हता. तो त्या घराघरांतून 'सोंग' या नावाने राहत होता.

येथे मला पहिली गोष्ट उमजली. दहा लाखांत एक, असे म्हणायला कोणी तरी दहा लाख पाहिलेले असावे लागतात. आपल्याकडे महारोगासाठी घरोघर फिरून तपासणी होते, आणि ते योग्यच आहे. पण परिणाम असा होतो की, ज्या रोगाची मोजदाद आहे त्याच्या खात्यात बिनमोजणीचा रोग जमा होतो. आमच्या मुलाची दीड वर्षे तशीच जमा झाली. युरोपात दहा हजारांत पाचांहून अधिक नसेल तो रोग दुर्मीळ. अमेरिकेत सबंध देशात दोन लाखांहून कमी रुग्ण असतील तो. आपल्या सरकारने २०२१ साली दुर्मीळ रोगांचे राष्ट्रीय धोरण काढले. त्यात आकडेवारीच नसल्यामुळे आपली अशी व्याख्या करता येत नाही, असे मोकळेपणाने लिहिले आहे. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्या धोरणातल्या निवडक केंद्रांपैकी एक. भोकरदनहून तेथवर पोचणे हा रोग नव्हे, पण यातनेचा एक प्रकार आहेच.

दुसरी गोष्ट उमजायला मला आफ्रिकेपर्यंत जावे लागले. म्हणजे अर्थात पुस्तकातून. सातव्या कारागिराच्या दोषाने होणारा एक प्रकार आहे, त्यात कातडीही बिघडते आणि अधूनमधून पोटशूळ, पक्षाघातही येतो. युरोपात तो लाखाला एकही भरत नाही. पण दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या गोऱ्यांत हजारी तिघांच्या आसपास! जेफ्री डीन नावाच्या डॉक्टरने घरोघर जाऊन लोकांच्या हातांच्या पाठी पाहिल्या, वंशावळी जुळविल्या, आणि सारे धागे एका लग्नाशी नेऊन पोचविले. केपच्या वसाहतीत १६८८ साली झालेले हे लग्न. नवरा आधीच तेथे स्थायिक झालेला, नवरी हॉलंडमधून वसाहतकऱ्यांना बायका म्हणून पाठविलेल्या अनाथ मुलींपैकी. त्यांची पोरे, पोरांची पोरे, आणि मूठभर घरांतच सोयरिकी. तीन शतकांत हजारो वंशज झाले. शेतात राबणारे, नांदते-सवरते लोक. कातडी जरा नाजूक इतकेच. विसाव्या शतकात झोपेची नवी औषधे आली आणि हे लोक इस्पितळांत मरू लागले, तेव्हा कोठे या रोगाकडे लक्ष गेले. डीनचे पुस्तक १९६३ साली निघाले. आपल्याकडेही बिकानेरच्या बाजूला, आपसांतच सोयरिकी करणाऱ्या एका समाजात, कातडीऐवजी पोट आणि नसा धरणारा प्रकार तेथल्या डॉक्टरांनी नोंदविला आहे.

आणि कधी कधी हा रोग वंशाने नव्हे, पोत्यातून येतो. हे जालन्याकडच्या माणसाने ऐकून ठेवण्यासारखे आहे. आमचा जिल्हा बियाण्यांचा, अर्ध्या देशाला येथून बी जाते. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात १९५५ च्या सुमारास सरकारने पेरणीसाठी गहू वाटला. काणी रोग पडू नये म्हणून त्याला हेक्झाक्लोरोबेंझीन चोळले होते. दुष्काळी मुलूख, लोकांनी बी दळून भाकरी खाल्ली. तीन ते चार हजार माणसांची, विशेषतः पोरांची, कातडी काळवंडली, उन्हात फोड येऊ लागले, तोंडावर केस उगवले. त्या विषाने यकृतातला पाचवा कारागीर मारला होता. आयांच्या दुधातून ते तान्ह्यांत गेले, आणि काही खेड्यांत दोन ते पाच वर्षांचे मूलच उरले नाही. जिहाद चाम नावाच्या तेथल्या त्वचारोगतज्ज्ञाने भाकरीचा छडा लावला, आणि १९५९ मध्ये ते बी बंद झाले. २००१ साली जगाने ज्या बारा विषांवर बंदीचा करार केला, त्यांत हे एक होते. आपल्या बियाण्याला लाल-गुलाबी रंग दिलेला असतो तो काही हौसेचा नव्हे. हे खायचे नाही, असे न वाचता येणाऱ्यालाही कळावे म्हणून तो असतो. उरलेले बी कोंबड्यांना टाकणारी माणसे मी आजही पाहतो.

म्हणजे दहा लाखांत एक हा आकडा मिठासारखा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तो साचतो. घराण्यात साचतो, गावात साचतो, पोत्यात साचतो. मग आमच्या मिरचीवाल्या गृहस्थांच्या घरात तो किती साचला होता?

येथे मी आमच्या गणिताच्या सहकाऱ्याला घरी चहाला बोलाविले. हे गृहस्थ बोलतात कमी आणि कागद फार वापरतात. त्यांनी मांडले ते असे. चौथ्या कारागिराची कृती प्रत्येकाजवळ दोन प्रतींत असते. एक बापाकडून, एक आईकडून. एक प्रत खराब असली तरी दुसरीवर काम चालते, माणूस ठणठणीत असतो. दोन्ही खराब असल्या तरच रोग. रोग दहा लाखांत एक धरला, तर खराब प्रत हजारात एक; कारण हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख. प्रत्येकाजवळ प्रती दोन, म्हणून एक खराब प्रत बाळगणारी माणसे पाचशेत एक. जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या गणतीत १९,५९,०४६ होती. तेव्हा या हिशेबाने जिल्ह्यात रोगी निघावेत दोन, आणि न कळत खराब प्रत घेऊन हिंडणारे चार हजारांच्या आसपास! तो मी असेन, तुम्ही असाल, कागद वापरणारे सहकारीही असतील.

आता सोयरिकी. परक्या दोघांच्या मुलाला रोग होण्याची शक्यता दहा लाखांत एक. आते-मामे भावंडांच्या लग्नात तीच सोळा हजारांत एक होते. कारण दोघांचे आजी-आजोबा एकच, आणि एकच खराब प्रत दोन वाटांनी येऊन भेटू शकते. ही झाली ज्या घरात रोग कधी दिसला नाही त्या घराची गोष्ट. पण ज्या घरात तो दिसला आहे तेथे? मुलाला रोग झाला, म्हणजे बापाजवळ खराब प्रत आहे आणि आईजवळही आहे, हे नक्की. (या घरात आई ही बापाच्या सख्ख्या मामाची मुलगी. मामाची पोर करण्याचा आपल्याकडचा रिवाज मोठा मायेचा, माहेर-सासर एकच.) थोरली बहीण निरोगी आहे, म्हणून तिच्याजवळ खराब प्रत असण्याची शक्यता तिनांत दोन. बापाच्या बहिणीजवळ ती असण्याची शक्यता निम्मी, तिच्या मुलाजवळ पाव. दोघांजवळही असली, तर प्रत्येक बाळाला रोग होण्याची शक्यता पुन्हा पाव. सहकाऱ्यांनी गुणाकार केला आणि कागद माझ्याकडे सरकविला: चोवीसात एक.

परक्या घरात दिली तर तीन हजारांत एक.

मी ते आकडे कितीदा तरी पाहिले. जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर जो रोग दहा लाखांत एक, तोच त्या घराच्या उंबऱ्याआत चोवीसात एक होता. 'तो एक होऊन गेला' हे बापाचे म्हणणे कानाला किती पटणारे! पण आकडा काही कोतवाल नव्हे, की एका घरचा सारा वसूल करून पुढच्या गावाला गेला. प्रत्येक पाळण्यापाशी तो नव्याने उभा राहतो.

हे त्यांना सांगायचे कसे? चोवीसात एक म्हणजे तेविसांत काही नाही, असेही म्हणता येते, आणि तेही खोटे नाही. ज्याने धाकट्या मुलाला सतरा वर्षे दिवसाउजेडी अंगणात सोडले नाही, त्याला चोवीस मोठे वाटतील की थोडे, हे ठरविणारा मी कोण? मी फक्त माझ्या धंद्यापुरते केले. शब्दांचा अर्थ सांगितला. ओसरीवर बसून चोवीस मिरच्या मांडल्या, एक लाल, बाकीच्या हिरव्या. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे बहिणीला दिलेला शब्द मोडावा म्हणता?"

मी तसे म्हणत नव्हतो. कारण तिसरी एक वाट आहे. मुलाच्या रक्तातून कृतीतली नेमकी चूक वाचता येते. ती एकदा कळली, की सिल्लोडच्या भाच्याच्या रक्तात तीच चूक आहे की नाही, एवढे पाहायचे. नसली तर हा धोका मिटल्यातच जमा, आणि सोयरीक खुशाल व्हावी. हे त्या संभाजीनगरच्या डॉक्टरांनीच कागदावर लिहून दिले होते, पण इंग्रजीत.

श्रावणातल्या संकष्टीला ते राजूरच्या गणपतीला जाऊन तसेच सिल्लोडला गेले. बहीण आधी फार चिडली म्हणे. माझ्या लेकात खोट काढतोस काय, म्हणाली. दोन दिवस भावाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच मुलाला घेऊन भोकरदनला आली. भाचा गॅरेजमध्ये कामाला आहे, हाताला काळे तेल. तो एकच वाक्य बोलला, "मामा, सुई टोचायची ना? टोचा."

मुलीला मात्र या साऱ्यात कोणी काही विचारले नव्हते. ते आमच्या घरातून विचारले गेले, स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता. ती म्हणाली, "काकू, त्याला मी लहानपणापासून ओळखते. माणूस चांगला आहे. पण माझ्या भावाच्या हाताला रोज रात्री मलम मीच लावते." पुढे ती काही बोलली नाही, आणि आमच्या घरूनही कोणी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सुचविली आहे. या रोगात दुसऱ्याची अस्थिमज्जा बसविली तर रोगी मुळापासून बरा होऊ शकतो, आणि मज्जा जुळायचा संभव सख्ख्या भावंडात सर्वांत अधिक. म्हणजे त्याच बहिणीची. खर्च मोठा आहे, जोखीमही आहे. तूर्त ते कागदावर आहे. महाविद्यालयात एवढे झाले की, मुलाचे बाक आता दाराकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हलविले आहे, आणि तंबाखूवरून झाडणारे सहकारी त्याच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचीत असतात. त्याच्या बाकावर एक मुलगा बसू लागला आहे. तो आन्व्याचा आहे आणि फार बडबड करतो.

तिघांचे रक्त भाद्रपदात मुंबईला गेले. उत्तर तुळशीच्या लग्नाच्या आत येईल, असे सांगितले आहे. सुपारी अजून फोडलेली नाही.